साहेबांचा दिवा

नव्या ऑफिसात वीज खरंच वाचते का, हे इंजिनीअरबाई खोली न् खोली फिरून तपासत होत्या. सगळं चोख निघालं. घोडं पेंड खात होतं ते साहेबांच्या केबिनपाशी. "माझा दिवा बिघडलाय," ही त्यांची तिसरी तक्रार होती आणि त्यांच्या सहीशिवाय काम संपणार नव्हतं.

दुपारी अडीचला बाईंनी केबिनचं दार उघडलं. पडदे ओढलेले, आत मिट्ट काळोख. त्यांनी पाऊल टाकलं, तसा लख्ख उजेड पडला आणि साहेबांनी टेबलावरून डोकं उचललं. गालावर कीबोर्डची बटणं उमटली होती.

"साहेब, दिवा ठणठणीत आहे. पंधरा मिनिटं खोलीत कोणी हललं नाही, की आपोआप विझतो."



"अहो बाई, विझतो त्याची कुठे तक्रार आहे? कोणी आत आलं की लागतो, तेवढं बंद करा."