गुडबायचा मूळ अर्थ

"गुरुजी, त्या गुडबायचं पुन्यांदा सांगा की," रंगुबाई शाळेच्या उंबऱ्यातच बसत म्हणाली.

सूर्यभान गुरुजींनी टेबलाचा खण घाईनं लोटला. ते शाळेचे मास्तर आणि गावचे पोस्टमास्तरही. दोन्ही कारभार याच टेबलावर. लढाई थांबून महिना होत आला होता. खणात आठ दिवसांपासून एक तार पडून होती. रंगुबाईचा मुलगा श्रीमंत सरहद्दीवर कामी आला होता आणि तिला ते सांगायची गुरुजींची छाती होत नव्हती. आज सांगायचंच, असं ठरवून ते आले होते.

"कालच सांगितलं ना, रंगुबाई."

"इसारले. जाताना पोरगं 'येतो' म्हनलंच न्हाई. यष्टीच्या खिडकीतनं गुडबाय म्हनलं. जीव थाऱ्यावर न्हाई बघा."

गुरुजींना अपराधी वाटलं. तो शब्द त्यांनीच शिकवलेला. पाचवीत असताना पोरानं म्हशींनासुद्धा गुडबाय करून गावाला वात आणला होता.

"इंग्रज आधी 'गॉड बी विथ यू' म्हणायचे. देव तुमच्याबरोबर असो. घाईत बोलून बोलून ते आखडलं. मग गुड डे, गुड नाइटच्या संगतीनं गॉडचाही गुड झाला. आता चहा पिऊन उठतानासुद्धा म्हणतात, देव कुणाच्या ध्यानीमनी नसतो. पण श्रीमंतला मी मूळ अर्थ शिकवलाय."

"मंजी मला देवाच्या हवाली करून गेलाय."

"अगदी तसंच."

हे सांगताना गुरुजींना स्वतःलाच वाटायचं, पोरगं दिवाळीला येईल आणि दारातूनच हाक मारील. गुरुजींना ना बायको, ना मूल. वाट बघावी असा तो एकटाच होता. त्यांचा हात खणाकडे गेला आणि मागं आला. उद्या सांगू.

रंगुबाईनं पिठलं-भाकरीचं फडकं टेबलावर ठेवलं. "खाऊन घ्या. लई वाळलाय तुमी."

बाहेर लिंबाखाली शेजारच्या काष्टी गावचा कानिफनाथ थांबला होता. श्रीमंतच्याच पलटणीतला, जखमी हात गळ्यात बांधून रजेवर आलेला.

"सांगितलंस का, मावशी?"

"न्हाई रं." तिनं पदरानं डोळे पुसले. "तू मला सांगितलंस तवापून रोज त्यासाठीच येते, पन जीभ उचलत न्हाई. गुरुजींला त्याच्याबिगर हाय कोन? त्यांच्यापुरता तरी आनखी चार दिस जगू दे त्याला."