सहावी माती

गोवराने आठ दिवसांत पाड्यावरची पाच लेकरं नेली आणि पाचही जणांना पास्टर दानिएलनेच माती दिली. सहावं गेलं त्या सकाळी, दानिएलला धर्मशास्त्र शिकवलेले उजगरे सर त्याची विचारपूस करायला सातपुडा चढून आले.

"सर, दफनविधी तुम्हीच शिकवलात," दानिएल म्हणाला. "पण माझे शब्द संपलेत. आज तुम्ही बोला."

खड्ड्याजवळ सरांनी पुस्तक उघडलं. दोन ओळी वाचल्या, तेवढ्यात त्यांची नजर खड्ड्यात ठेवलेल्या गोधडीतल्या इवल्याशा गाठोड्यावर गेली. पुस्तक मिटून ते नुसते हुंदके देत राहिले.

बाळाच्या आईला मराठी येत नव्हती. तिने दानिएलला त्यांच्या पावरी बोलीत विचारलं, "हे तुझे गुरुजी ना? माझं लेकरू का गेलं, सांगितलं का त्यांनी?"

काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेणं अवघड नव्हतं. पाच वेळा त्याने तेच केलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "त्यांनाही ठाऊक नाही. मलाही नाही."

 तिने मूठभर माती उचलून सरांच्या ओंजळीत घातली आणि खड्ड्याकाठची उरलेली आपल्या बाळावर स्वतःच लोटली.