मोनालीची नोंद

यशराजचा अर्ज करुणानं आठवडाभर टेबलावरच ठेवला होता. रोज सकाळी कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत ती तो एकदा वाचायची आणि मग कामाला लागायची.

अर्ज चार ओळींचा. पत्नी मोनाली दीड वर्षापूर्वी घर सोडून गेली आहे, तिनं आपल्या वाहिनीच्या स्पर्धेत मत दिलं आहे, तरी तिचा पत्ता व मोबाइल नंबर मिळावा. खाली सही आणि स्वतःचा नंबर.

बारामतीच्या या केबल वाहिनीनं यंदा ‘आपल्या बाई’ पुरस्कार ठेवला होता. बारामती आणि इंदापूर तालुक्यातल्या लोकांनी आवडत्या शिक्षिकेला मत द्यायचं. मत देणाऱ्यांतून सोडत काढून दहा जणांना मिक्सर घरपोच मिळणार होते, म्हणून मतासोबत वय, नंबर आणि पूर्ण पत्ताही घेतला होता. एकवीस हजार लोकांची ही माहिती करुणाच्या ताब्यात होती. यातलं एक अक्षर बाहेर जाता कामा नये, असं संचालक दिग्विजयसरांनी तिला बजावलं होतं. आणि मग त्यांनीच, आभार म्हणून, मतदारांची नावं नि तालुके टीव्हीखालच्या पट्टीवर फिरवले. करुणा नको नको म्हणत होती. त्या पट्टीत यशराजला बायकोचं माहेरचं नाव दिसलं, आणि पुढं ‘इंदापूर’.

पत्ता मिळणार नाही म्हटल्यावर तो चिडला नव्हता. खुर्चीत मागं रेलून त्यानं करुणाला गाव विचारलं. पिंपळी, ती म्हणाली. मग आडनाव विचारलं. ते ऐकून हसला.

“तरीच. आमची बी तुमच्यातलीच हाय. चार बुकं शिकली की डोक्यावर बसता.”

ऑफिसातली बाकीची दोघं स्क्रीनकडं बघत बसून राहिली.

तो ‘तरीच’ करुणाच्या घशाखाली उतरला नव्हता. या माणसाला बायको कधीच सापडू नये, त्यानं जन्मभर इंदापूरच्या गल्ल्या धुंडाळाव्यात, आणि हे आपल्यामुळं झालं हे त्याला कळावं, एवढंच तिला हवं होतं.

सोमवारी अकराच्या सुमारास एक म्हातारी जिना चढून आली. दारातच तिनं हात जोडले. “जय भीम, पोरी.”

करुणा उठून उभी राहिली. चार वर्षांत या ऑफिसात तिला तसं कुणी म्हणालं नव्हतं.

म्हातारीनं ताईबाई असं नाव सांगितलं. लोणी भापकरहून आली होती. पाणी पिऊन झाल्यावर तिनं सांगितलं, मोनाली माझी लेक. जावई हितं येऊन गेल्याचं तिच्या कानावर आलं होतं. आज तू हायस म्हणून निभावलं, उद्या तुझ्या जागी दुसरं कुणी बसलं तर? तेव्हा पोरीचं नाव-पत्ता सगळं पुसून टाक, एवढंच मागायला ती आली होती.

“मला आडनाव विचारलं त्यानं,” करुणा म्हणाली. हे तिनं घरीही सांगितलं नव्हतं.

“इचारणारच की. त्या घरात पाण्याचा तांब्या बी येगळा व्हता माझ्या लेकीला.”

करुणानं यादी उघडली. इंदापूर तालुक्यात त्या नावा-आडनावाच्या दोन मोनाली होत्या. चुकून भलत्याच पोरीचं नाव जायचं, म्हातारी म्हणाली. मला वाचता येत न्हाय, तू वाच. पहिली लासुर्ण्याची, वय बावन्न. ती नव्हे. दुसरी एकोणतीस वर्षांची. करुणानं पत्ता सावकाश वाचला: इंदापूर, जुन्या पाण्याच्या टाकीमागं, निळं गेट, दुसरा मजला.

म्हातारीनं डोळे मिटले. “हीच माझी.”

नोंद पुसायची तर मतदाराच्या मोबाइलवर ओटीपी जायचा आणि तो त्यानं स्वतः कळवायचा, असा नियम होता. करुणानं ओटीपी पाठवला. दहा मिनिटं गेली, काही आलं नाही. फोन लावला, नुसता वाजत राहिला. पोरगी नर्स हाय, म्हातारी म्हणाली, ड्युटीवर फोन कपाटात ठिवावा लागतो. मी बसते की संध्याकाळपातुर. आणि पदर सावरून ती खरंच भिंतीला टेकून बसली.

करुणाची नजर यशराजच्या अर्जावर गेली. आईपेक्षा मोठा ओटीपी कुठला? दिग्विजयसरांना विचारलं असतं तर त्यांनी नाहीच म्हटलं असतं, म्हणून तिनं विचारलं नाही. नंबर, पत्ता, वय, सगळी ओळ निवडली. पुसलेली नोंद परत मिळणार नाही, असं स्क्रीनवर आलं. तिनं हो म्हटलं. मग राखीव प्रतीतूनही ती ओळ काढून टाकली. दिग्विजयसरांनाही आता ती सापडली नसती.

म्हातारीनं तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. करुणा तिला जिन्यापर्यंत सोडायला गेली, एसटी स्टँडचा रस्ता दाखवला. परत येऊन तिनं दुपारचा डबा खाल्ला. आज चव लागत होती.

मग तिनं अर्ज पुढ्यात ओढला आणि ऑफिसच्या फोनवरून यशराजचा नंबर फिरवला. वाक्य आठवडाभर घोळवलेलं होतं. फोन उचलल्याचं कळताच तिनं ते एका दमात म्हटलं.

“पिंपळीची करुणा बोलतेय. तुमच्या बायकोची नोंद मी पुसलीय. आता आमच्याकडं तिचा नंबर नाही, पत्ता नाही, काही नाही. बसा शोधत.”

पलीकडं गाडीची घरघर होती. मग बाईचा आवाज आला, मघाइतकाच मायेचा.

“यशराज गाडी चालवतोय, पोरी. टाकीच्या मागंच म्हणालीस न्हवं?”