पाच पेपर

मध्य प्रदेशातल्या सौसरच्या बसस्टँडवर मी पेपर विकतो. नागपूरच्या मराठी पेपरचे माझ्याकडे पाचच गिऱ्हाईक, पाचही शब्दकोड्याचे शौकीन. रोज सकाळी माझ्या दुकानासमोरच्या बाकावर बसून कोडं सोडवायचे, एकमेकांवर ओरडायचे आणि शेवटचा शब्द मुद्दाम त्यांच्यातल्या अमिताबाईंसाठी सोडायचे.

मग दोघं वारले. एक पोराकडे भोपाळला गेला. अमिताबाईंना दिसेनासं झालं. उरले कवडूजी.

"काका, पाचाच्या खाली एजन्सीवाले पेपर पाठवत नाहीत," मी त्यांना सांगितलं.

"मंग पाचही मलेच दे."

दोन वर्षं झाली, ते पाच पेपर घेऊन बाकावर एकटेच बसतात. सगळं कोडं सुटलं तरी फोन लावतात. "बाई, एक शब्द अडून राहिला जी, तुमीच सांगा." तिकडून उत्तर आलं की दोघंही पोरांसारखे हसतात.

आज त्यांनी पेपर उघडला, तर कोड्याच्या जागी प्लॉटची जाहिरात होती. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, शब्दकोडे आजपासून बंद. तेवढ्यात अमिताबाईंचाच फोन आला.



कवडूजींनी तो वाजू दिला आणि बाकीचे चारही पेपर उघडून पाहिले.