काठावरचा फोटो

“विरघळली का गं गाठ?” ताईने विचारलं.

मी तिच्या स्कॅनचा रिपोर्ट दोनदा वाचला. “काठाला विरलीय. मध्ये तशीच आहे.”

कारण मला ठाऊक होतं. काठावरच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, म्हणून औषधाचे सूक्ष्म कण तिथे सहज झिरपतात. आतल्या वाहिन्या गाठीच्याच दाबाने मिटतात. प्रयोगशाळेत उंदरांच्या गाठी कापून मायक्रोस्कोपखाली धरल्या की चमकणारा रंग जोडलेलं आमचं औषध हिरवं दिसायचं, पण काठावरच. फोटो मी नेहमी तिथलाच काढायचे. मधल्या अंधाराचा कधीच नाही. त्यातलाच एक दाखवून मी ताईला या औषधाच्या चाचणीसाठी तयार केलं होतं.

माझा चेहरा पाहून ती म्हणाली, “मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या फोटोत तर सगळं हिरवंगार होतं.”