नुसतं घासणं

स्टेनलेस स्टीलचा तिसरा जॉबही मिलिंग मशीनवरून खरखरीत निघाला. बाबांनी नेहमीसारखं त्यावरून नख फिरवलं आणि फीड, म्हणजे माल टूलकडे सरकण्याचा वेग, आणखी कमी करायला हात पुढे केला. लेकीनं तो हात धरला.

"टूल मोडेल गं," बाबा म्हणाले. "माल कडक आहे. दमानं घ्यावं."

"दमानं घेतलं म्हणूनच बिघडतंय, बाबा. टूल कापतच नाहीये, नुसतं घासतंय. धातूची सलग चिप निघायला हवी तिथं भुकटी पडतेय. आणि हे स्टेनलेस घासलं की आणखीच कडक होतं."

तिनं नवं टूल हलू नये म्हणून आखूड धरून बसवलं आणि फीड वाढवला. मशीनची किरकिर थांबली, चिपा सुट्या होऊन उडायला लागल्या. जॉब बाहेर आला तसं बाबांनी त्यावरून नख फिरवलं.

"आरसा झालाय," ते म्हणाले.

तिनं मशीन बंद केलं. गेले कित्येक महिने ती 'चष्मा बदलून बघू या का', 'ओळखीचे डॉक्टर आहेत' असं आडून आडून सुचवत होती, आणि बाबा जास्तच हट्टाला पेटत होते.

"बाबा, तुम्ही नखानं बघता, कारण डोळ्यांनी तुम्हाला दिसत नाही. मंगळवारी मोतीबिंदू काढायचाय. तारीख मी घेतलीये."

बाबांनी जॉब खाली ठेवला.

"फीड फार झाला का?" तिनं विचारलं.

"मंगळवारी सकाळी लवकर निघू," बाबा म्हणाले. "इतके दिवस नुसती घासत होतीस."