समुद्राची पट्टी

मुलीचं विमान सकाळी दहाला उडालं आणि दुपारचे पावणेतीन झाले, तरी पृथ्वीगोल बनवणाऱ्या कारागिराने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. निरोप द्यायला तो विमानतळावर गेला नव्हताच. मुलगी बॅग घेऊन कारखान्याच्या दारात उभी राहिली, तेव्हाही हा पठ्ठ्या मान खाली घालून खळ ढवळत बसला. एवढ्या लांब जायचं काय अडलंय, हा त्याचा राग. आता राग निवला होता, आणि न दिलेला निरोप त्याला आतून खात होता.

बायको समोर बसून नकाशाच्या पट्ट्या कापत होती, तो त्या गोलावर चिकटवत होता. दोन्ही टोकांना निमुळत्या अशा बारा पट्ट्या गोलावर कडेला कड भिडवून चिकटवल्या की झाली पृथ्वी तयार. एकीवर दुसरी केसभरही चढता कामा नये. तीस वर्षांत त्याची कधी चढली नव्हती.

"तेरा हजार किलोमीटर," बायको म्हणाली. "सतरा तास एका जागी! पाय आखडतील हो पोरीचे."

"सतरा बोटं," तो पुटपुटला.

बोलले बाई एकदाचे! तिने कात्री खाली ठेवली. "काय म्हणालात?"

"आपल्या या गोलावर. तासाला एक बोट."

ती हात पुसून उठली. आपल्या शहरापाशी तिने बोट टेकवलं आणि बोटाला बोट लावत समुद्रात उतरली. गोलावर उन्हाचा कवडसा पडला होता, त्यात ओली निळाई हलल्यासारखी दिसत होती. एक, दोन, तीन, चार. तिथे ती अडली.

"अहो, इथली उभी रेघ कुठे गेली? पाचव्या बोटाचा समुद्रच गायब आहे."

त्याने चष्मा पुसून वाकून पाहिलं. नुकतीच लावलेली पट्टी आधीच्या पट्टीवर चढली होती. थोडीथोडकी नाही, चांगली बोटभर! नवशिक्याही करणार नाही असली चूक.

"हाताने लबाडी केली," तो ओशाळून म्हणाला. "फार लांब वाटत होतं गं."

"असू दे. तेवढीच पोर जवळ आली," बायको हसली. मग तिचं लक्ष घड्याळाकडे गेलं आणि हसू मावळलं. "पण तीन वाजत आले. म्हणजे पाचवंच बोट चाललंय. आत्ता ती तिथेच आहे... त्या पट्टीखाली."

कारागीर ताडकन उठला. हा कागद आहे, विमान आभाळात आहे, सगळं त्याला कळत होतं. तरी त्याला राहवेना. त्याने पाण्यात बोटं बुडवून कड भिजवली, नखाने अलगद उचलली आणि श्वास रोखून पट्टी सोलत नेली. कुठेही फाटली नाही. खालचा समुद्र वर आला. खळीने माखलेला, चमचमणारा, अख्खा.

दोघंही त्याच्याकडे बघत राहिली. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग कारागीर आणखी वाकला, ओठ जवळजवळ पाण्याला लागतील इतका, आणि हळूच म्हणाला,

"खाली ओलं आहे गं. जपून जा."